भूकंपाच्या पानावरचं पहिलं नाव

कोणी मोबाइलवर अमेरिकन कॉलेजांची क्रमवारी दाखवायला लागलं, की सर त्या स्क्रीनवर आपला पंजा ठेवायचे. "पहिलं आहे, मान्य. पण कशात पहिलं?" एवढंच विचारायचे. समोरचा बाप गडबडायचा, कारण कशात ते त्याने वाचलेलंच नसायचं.

मागच्या महिन्यात सर कोबेला मुलीच्या घरी वारले. तेव्हापासून टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या आमच्या पालकांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आलाय. 'मुलांचे दीपस्तंभ', 'अशी माणसं आता होणे नाही'. वाचून माझं डोकं फिरतं. यातल्या अकरा जणांनी सरांचं मार्गदर्शन बंद करा म्हणून पत्रावर सह्या केल्या होत्या. पत्र मीच लिहिलं होतं, त्यामुळे आकडा पक्का आहे.

सर मूळचे ठाण्याचे. सॉफ्टवेअरच्या कामासाठी दोन वर्षांच्या बोलीवर जपानला आले, इथल्याच बाईंशी लग्न केलं आणि राहिले. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी सकाळी वॉर्डाच्या हॉलमधल्या एका खोलीत बसायचे. अमेरिकेतलं कॉलेज निवडायला अकरावी-बारावीची मुलं त्यांच्याकडे यायची. खोली आमच्या पालक मंडळाने मिळवून दिलेली, वही सरांची. त्या वहीत एका पानावर एकच विषय आणि त्या विषयात भक्कम असलेली कॉलेजं, तिथे शिकलेल्या मुलांना विचारून विचारून लावलेली. जनावरांच्या डॉक्टरकीच्या पानावर जे पहिलं, ते गणिताच्या पानावर औषधालाही नसायचं. शेवटच्या पानांना तर मथळे होते 'प्राध्यापक घरी जेवायला बोलावतात' आणि 'बुजऱ्या मुलाला करमेल'. या पानांवर सगळ्यात जास्त खाडाखोड होती.

एकदा एक गृहस्थ पहिल्या पन्नास कॉलेजांची यादी चक्क लॅमिनेट करून घेऊन आले. सरांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"नुसता कागद असता तर गुरुवारी कागदाचा कचरा नेतात, त्या गठ्ठ्यात बांधला असता," ते म्हणाले. "आता हे जळणाऱ्या कचऱ्यात जातं की प्लॅस्टिकमध्ये, ते घरी विचारावं लागेल."

पालकांना आत प्रवेश नव्हता. मूल आत, आपण बाहेर चपलांच्या कपाटापाशी. ऑफिसात वीस-वीस माणसांना नाचवणारे आम्ही लोक तिथे मोज्यांवर ताटकळत उभे राहायचो. तुम्हीही अशा दाराबाहेर कधी उभे राहिला असाल, तर तो अपमान तुम्हाला कळेल. तेव्हा तो अपमानच वाटायचा.

माझी सई इथेच वाढली. बालवाडीपासून टेबलाखाली लपायच्या कवायती केलेली मुलगी. जमीन हलली की बाकीचे घाबरायचे आणि ही किती सेकंद हलली ते मोजायची. तिला भूकंप शिकायचे होते. सरांनी वहीतलं भूकंपाचं पान उघडलं आणि पहिलं नाव तिला दिलं. कुठल्याशा वाळवंटाजवळचं कॉलेज. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांत कोणी ऐकलेलं नाही, मीही नाही.

तिला तिथे प्रवेश मिळाला. त्याच आठवड्यात पूर्व किनाऱ्यावरच्या एका प्रसिद्ध कॉलेजातही मिळाला, तिच्या बाबांनी भरायला लावलेल्या कॉम्प्युटर शाखेच्या अर्जावर. ते नाव कानावर पडताच माझ्या जावेचा फोनवरचा आवाज बदलला. मला तो बदललेला आवाज फार आवडला. खोटं कशाला बोलू?

सर आयुष्यात एकदाच आमच्या घरी आले, ते तेव्हा. चहाला हात लावला नाही.

"ताई, नाव तुम्हाला हवंय. चार वर्षं तिथे तिला काढायचीत."

"सर, तुमच्या वहीसाठी माझी मुलगी वाळवंटात जाणार नाही," मी म्हणाले. सई शेजारीच बसली होती. ती जपानीत काहीतरी पुटपुटली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

मी तेवढ्यावर थांबले नाही. दुखावलेले आणखी पालक गोळा केले आणि मंडळाला पत्र लिहिलं की या गृहस्थांमुळे मुलं मोठी स्वप्नं बघायची थांबतात. मंडळाने खोली काढून घेतली. सरांनी त्याच दिवशी किल्ली आणून दिली.

सई त्या प्रसिद्ध कॉलेजात गेली. पहिली सहामाही कशीबशी काढली. मग फोनवर काहीही विचारलं की "बेत्सुनी". इथल्या पोरांचा शब्द, म्हणजे विशेष काही नाही. फेब्रुवारीत कॉलेजातून मेल आली, की ती तीन आठवडे वर्गात आलेली नाही, खोलीबाहेरही फारशी पडत नाही. मी ती मेल कोणाला दाखवली नाही. ग्रुपवर तिचा त्या कॉलेजच्या दारातला फोटो माझ्या नावाशेजारी तसाच ठेवला.

मार्चमध्ये एका सकाळी ऑफिसला जाताना स्टेशनवर सर भेटले. बरोबर बायको, दोन मोठ्या बॅगा. तब्येत बरी नसते म्हणून कोबेला मुलीकडे कायमचे निघाले होते. अंगातला कोट दोन माप मोठा झालेला.

"सई कशी आहे? रमली का?"

या माणसाला सांगितलं असतं, तर कॉलेज कसं बदलायचं, कोणाला लिहायचं, हे गाडी येईपर्यंत त्याने सांगितलं असतं. मला ते माहीत होतं. तरी मी म्हणाले, "मजेत आहे, सर. वर्गात पहिल्या पाचात आहे."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि त्याचाच मला आज संताप येतो. कुत्सितपणे हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मग माझं चुकलं," ते म्हणाले. "बरं झालं, तुम्ही ऐकलं नाहीत."

गाडी आली. बॅगा आत चढवल्यावर ते दारात माझ्याकडे वळले, टोपी काढली आणि इथली माणसं माफी मागताना वाकतात तसे कमरेतून वाकले. दारं बंद झाली तरी ते वाकलेलेच होते. आणि मी हसून त्यांना हात हलवत होते.