मी न खाल्लेला डबा

मांडवगण फराट्याच्या स्टँडवर शिरूरची एसटी सुटायच्या बेतात होती आणि माझे वडील, आमचे आबा, डोळे मिटून प्रार्थना करत होते. माझा एक पाय गाडीच्या पायरीवर, एक जमिनीवर. आधी माझ्या शिक्षणासाठी, मग कॉलेजच्या सरांसाठी, मग वाटेतल्या खड्ड्यांसाठी आणि शेवटी माझ्या तब्येतीसाठी, अशी ती प्रार्थना लांबत चालली. कंडक्टरकाका म्हणाले, "आबा, आमेन म्हना आता. पुढं न्हावऱ्याला पासवाली पोरं खोळंबली असतील." गाडीतली माणसं हसली. आबांनी आमेन म्हटलं, डोळे उघडले आणि मला एकच अट घातली, "शिक कितीबी. पन तब्येत उतरली, की त्याच दिवशी माघारी यायचं."

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. शिरूर म्हणजे काही परदेश नव्हे, हे मला कळतं. लोक घर सोडल्याच्या आठवणी लिहितात तेव्हा त्यात विमान असतं, निदान रात्रभराचा प्रवास तरी असतो. माझ्याकडे तास-दीड तासाची एसटी आहे. तरीही लिहिते, कारण येत्या जूनमध्ये गावातल्या आणखी काही मुली इथे राहायला येणार आहेत. ज्या माझ्या आधी येऊन गेल्या त्यांनाही हे वाचून राग येईल. येऊ दे. त्यांनी हे आम्हाला सांगायला हवं होतं.

आमच्याकडची पद्धत अशी, की मूल शिरूरला राहिलं की त्याचा डबा रोज सकाळच्या गाडीनं जातो. आई पाचला उठून भाकरी थापायची, आबा सायकलवरून डबा स्टँडवर नेऊन ड्रायव्हरच्या मागे ठेवायचे. पावणेदहाला गाडी शिरूरला लागली की आम्ही दाराशी गोळा होऊन आपापला डबा ओळखून घ्यायचा आणि धुतलेला रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीत ठेवायचा. काही मुलं मात्र लांब रसवंतीपाशी मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभी राहायची आणि गर्दी पांगल्यावर चोरासारखी येऊन डबा उचलायची. पहिल्या महिन्यात मला त्यांची किळस यायची. दुसऱ्या महिन्यात मी त्यांच्यातच उभी होते.

कारण फार क्षुल्लक आहे. होस्टेलवर माझ्या खोलीत प्राची राहायची, सणसवाडीची. तिचे वडील तिथल्या कंपनीत सुपरवायझर. तिच्या टेबलावर ओट्स, ग्रीन टी आणि चिया सीड्स अशी ओळीनं मांडणी असे. मुलगी वाईट नव्हती. माझा डबा बघून ती एकदाच म्हणाली, "एस्तेर, तू हे रोज खातेस? हेवी नाही होत?" बस, एवढंच. तिच्या त्या एका 'हेवी'वरून मी आईच्या तीन महिन्यांच्या भाकऱ्या ओवाळून टाकल्या.

मग मी हेल्दी झाले. सकाळी ओट्स, म्हणजे पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. त्यानं भूक भागत नाही म्हणून दुपारी कॅन्टीनचा सामोसा. संध्याकाळी नूडल्स, आणि त्यांचं पापक्षालन म्हणून ग्रीन टी. आमच्या मजल्यावरच्या सगळ्याच मुली असं खायच्या आणि एकमेकींना रील दाखवून सांगायच्या, की भाताने पोट सुटतं. एकीलाही जिना चढवत नव्हता.

तिकडे पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं तसा आमचा डबा जड होत गेला. तांदुळजा, कोवळा घेवडा, उकडलेल्या ओल्या शेंगा, नव्या बाजरीची भाकरी, कधी फडक्यात गुंडाळलेलं बांधावरचं सीताफळ. रानात जे येईल ते डब्यात यायचं. त्याला हंगामी आहार म्हणतात हे आईला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी तो डबा स्टँड झाडणाऱ्या मावशींना देऊन टाकायचे.

"मावशी, घ्या. आज भूक नाही."

"कालबी न्हवती. डाएट का काय म्हंत्यात ते करतीस व्हय?"

मी मान हलवायचे. मावशी तिथेच फलाटाच्या कडेला बसून झाकण उघडायच्या. एकदा घास तोडता तोडता म्हणाल्या, "कर बाई, कर. तुझ्या आयशीनं मला पाळलीया आन् तिला ठावं न्हाई." मी हसले. हसायला काय झालं होतं, कोण जाणे. नंतर डबा लख्ख धुऊन परतीच्या गाडीत ठेवला.

दिवाळीच्या आधी कॉलेजात ऋतूनुसार सकस आहारावर व्याख्यान झालं. पुण्याहून आहारतज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. पडद्यावर भाकरीचा फोटो, खाली लाकडी पाट, शेजारी कसलंसं फूल. बाजरी सुपरफूड आहे. जवस म्हणजेच फ्लॅक्स सीड्स. आपल्या मातीतलं, त्या त्या दिवसांतलं खा. ज्यांच्या घरी बाजरीच्या कणग्या भरलेल्या होत्या ती सगळी पोरं हे वहीत उतरून घेत होती. मागच्या बाकावरचा केंदूरचा एकजण पुटपुटला, "ह्ये सांगायला एसी गाडीतनं आल्या व्हय! माझी आजी ह्येच सांगती, वर दोन शिव्या घालून." मॅडमचं काही चुकलं नव्हतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. व्याख्यान संपल्यावर प्रत्येकाला क्रीमची बिस्किटं आणि सामोसा मिळाला. आम्ही तो खाल्ला. संध्याकाळी प्राची म्हणाली, "बाजरीचं पीठ ऑनलाइन मागवूया का?" त्याच सकाळी दोन भाकऱ्या देऊन आलेली मी म्हणाले, "बघू."

सुट्टीत घरी गेले. आमचा सण नाताळ, पण दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट येतंच, आणि नाताळात ते आमच्या करंज्या भरून परत जातं. चार दिवस मी चकल्या आणि शेव खाऊन पोटात भर घातली. पाचव्या दिवशी आई आणि मी अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलो होतो. उठायला गेले, डोळ्यांपुढे अंधार आला आणि वेलांच्या ढिगावर आडवी झाले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त फार कमी होतं. "पोरगी खाते तरी काय?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "रोज डबा जातो, डॉक्टर. पुसून खाल्ल्यागत माघारी येतो."

घरी आल्यावर आबा म्हणाले, "बास झालं. कॉलेजातनं दाखला काढून आनतो." आई त्यांच्याशी भांडेल असं मला वाटलं होतं. ती चुलीपाशी बसून म्हणाली, "माझाच हात आखडला. तेल कमी घालती मी भाजीत. दोनाच्या तीन भाकरी द्यायला पायजे व्हत्या."

आता गप्प राहिले तर कॉलेज जाणार होतं, आणि आई जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देणार होती. बोलले तर तिला कळणार होतं, की तिच्या भाकरीची मला लाज वाटत होती. दोन दिवस मी बोलले नाही. ओट्स खाल्ल्याबद्दल मला स्वतःचा जेवढा तिटकारा आहे, त्याहून जास्त या दोन दिवसांबद्दल आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा इस्त्रीचा शर्ट घालून शिरूरला निघाले. आई शेंगा तोडत होती.

"आई, डबा मी खातच नव्हते. स्टँडवरच्या मावशींना द्यायचे. मुली काय म्हणतील म्हणून."

तिचे हात थांबले नाहीत. वेलाच्या सगळ्या शेंगा तोडून झाल्यावर तिनं विचारलं, "तिला आवडायचं का?"

"कुणाला?"

"त्या बाईला."

"हो. तांदुळजा फार."

"चांगल्या पोटात गेलं मंग." आणि दारातल्या आबांना म्हणाली, "अवो, काढा चपला. पोरगी आजारी न्हाई. माजलीया."

आबांनी माझ्याकडे बघितलं. बांधावर गवत खात उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या शेळीकडे बघावं तसं. मग चपला काढून आत गेले. मार बसला असता तर बरं वाटलं असतं.

सुट्टी संपली तेव्हा आईनं माझ्या पिशवीत पीठ, भाकरी थापायची काटवट आणि तवा भरला. "डबा बंद. आता तूच थाप. आन् त्या पोरींच्या म्होरं थाप."

थापली. पहिल्या आठवड्यात एकही भाकरी अख्खी उतरली नाही. प्राचीनं तुकड्यांचा फोटो काढला आणि 'ऑथेंटिक' म्हणाली. मी तिला वाटीभर पीठ दिलं. थंडी पडली तशी हरभऱ्याची कोवळी भाजी, गाजरं, बोरं आई आठवड्याला एसटीनं पाठवायची त्या पिशवीतून येऊ लागली. मावशींना एक भाकरी दिली तर चावून म्हणाल्या, "तुझ्या आयशीची असंल तवा दे. ही तुझी तूच खा."

नाताळात पुन्हा रक्त तपासलं. वाढलंय, पण अजून कमीच आहे. आबा म्हणाले, "मार्चपत्तुर बघू." म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.

येणाऱ्या मुलींनो, तुमच्याही खोलीत कुणीतरी 'हेवी' म्हणेल. तुम्ही माझ्यापेक्षा शहाण्या असाल असं मी म्हणणार नाही. बहुतेक नसालच.

पूर्वी आई फोनवर "जेवलीस का?" विचारायची आणि मी हो म्हणून मोकळी व्हायचे. आता ती विचारते, "काय केलंस?" मग मला सगळं सांगावं लागतं. भाजी कोणती, किती शिजवली, कूट किती घातलं.

"दोन चमचे."

पलीकडे तिची फोडणी चुरचुरते. मग, "चार घालावं."

तिनं मला माफ केलंय की ती तपासतेय, हे मला कळत नाही आणि विचारायची हिंमत होत नाही. गाव सोडून सात-आठ महिने झाले. घर म्हणजे आता मला रोज संध्याकाळी सातला द्यावा लागणारा हा जबाब वाटतो, आणि तो द्यायला मी पावणेसातपासून फोन हातात धरून बसलेली असते.