प्रमोदच्या नावाची पट्टी

प्रमोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीच्या स्टँडवर चहा पीत होतो. मलेरिया डोक्यात गेला, सिरोंच्याहून त्याला दवाखान्यात आणायला निघालेली गाडी वाटेतूनच परत फिरली... रडू आलं नाही. लाज वाटली, आणि महिना झाला तरी ती तशीच आहे.

आमच्या कार्यालयात तो कंत्राटी होता, कम्प्युटर सांभाळायचा. मी पक्क्या नोकरीतला कारकून. डबे मात्र एकत्र उघडायचो. एका दुपारी जेवण अर्धवट टाकून त्याने सर्व्हरमधली खोट सांगितली. मला कुठलं कळायला? मग तो वडशाच्या नाटकावर आला, कारण झाडीपट्टीच्या नाटकांचे आम्ही दोघंही वेडे. "समजा भाऊ, तुमी तिकीट काढून मांडवात बसले. गेटवाल्याची चूक नाई. पण मागचा पडदा फाटला हाय. तिथून रंगमंचावर गेले, राजाचा मुकुट घातला, अन् सारे सरदार तुमालेच मुजरा करून राह्यले." तसंच साधं लॉगिन असलेला कुणीही मशीनचा मालक होऊ शकत होता. मग कुणाचीही फाइल बघा, बदला, पुसा. त्या सर्व्हरवर गावोगावचे वनहक्काचे दावे होते, आणि आमच्याकडे पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेले!

साहेबांना पटेना. दाखव म्हणाले. त्याने माझं लॉगिन मागितलं, मी दिलं, आणि साहेबांसमोरच चार ओळी टाइप करून तो मालक झाला. पक्की दुरुस्ती कंपनीकडून यायची होती. तोवर खोट असलेला भाग, जो आमच्या कुठल्याच कामाला लागत नव्हता, त्याने साहेबांना विचारून बंद केला. कसा केला ते कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाला चिकटवलं. 'दुरुस्ती टाकून मशीन रीस्टार्ट करेपर्यंत हे बंदच ठेवा.' खाली नाव, प्रमोद.

झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी. आठवड्याने वरून विचारणा आली, मालकाच्या हक्काने सर्व्हरवर कोण शिरलं? साहेबांना काहीच आठवेना. माझा जबाब घेतला. 'माझ्या लॉगिनवरून प्रमोदने सर्व्हरचा ताबा घेतला.' त्यात एक शब्द खोटा नव्हता. लॉगिन मी दिलं, दाखवायला साहेबांनी सांगितलं, एवढंच लिहिलं नाही. भामरागडला बदली होईल म्हणून घाबरलो. त्याला काढलं. सिरोंच्याला गावी परत जाताना म्हणाला, "भाऊ, तुमी खोटं नाई लिवलं. अर्धं लिवलं."

मग बाहेरचा इंजिनिअर आला. प्रमोदचाच कागद वाचून त्याने तो भाग बंदच ठेवला, आणि सत्कार इंजिनिअरचा झाला. नारळ मीच आणला. कागदाखालचं नाव तेवढं काढा, साहेब म्हणाले. तेही मीच फाडलं. ती पट्टी माझ्या पाकिटात राहिली.

पुण्यानुमोदनाला सिरोंच्याला गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि विचारलं, "भाऊ, यायनं खरंच काई केलं होतं का? लोकं अजून कम्प्युटरचोर म्हणते."

मी नाही म्हणालो.

"मंग लिवून द्या ना."

म्हणून लिहून देतो. लॉगिन मी दिलं होतं. साहेबांनी दाखवायला सांगितलं होतं. प्रमोदने पडदा फाडला नाही, फाटलेला दाखवला आणि जमेल तसा शिवला. कागद अजून कपाटावर आहे. काल मी ती पट्टी जागच्या जागी चिकटवली. साहेब येऊन बघून गेले. एवढंसं तर काम होतं... तो जिवंत असताना करायला काय धाड भरली होती मला?