विलायती शिक्क्याचे चिमटे

माझ्या दादाचं बालाघाटला सायकलचं दुकान होतं. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानंच मला नागपूरला शिकवलं आणि परत येऊन मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. शाळा सुटली की मी घरी जाण्याआधी दुकानात डोकवायचेच.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत विलायती सायकली येणं जवळजवळ बंद झालं होतं. तीच नावं लावून आपल्याकडच्या कारखान्यांत सायकली बनत होत्या. पण जवळच्या भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत काम करणाऱ्या लोकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. सुटा भाग घ्यायचा तर तो इंग्लंडचाच पाहिजे. हातात घेतला की ते आधी अंगठ्यानं शिक्का चाचपून बघायचे. दादाच्या दुकानावर एका इंग्रजी कंपनीचं नाव आणि तिचं चिन्ह रंगवलेलं होतं. पेंटरनं दोनदा चुकवलं तेव्हा दादानं दोन्ही वेळा पुसायला लावलं होतं.

नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून एकदा चिमट्यांची पेटी आली. पुढचं चाक ज्याच्यात बसतं तो चिमटा. प्रत्येकावर इंग्लंडचा शिक्का, वर त्याच कंपनीचं छापील लेबल. त्यातला एक दादानं भरवेलीच्या खाणीत ड्रिल चालवणाऱ्या एका ड्रिलवाल्याच्या सायकलला बसवला. पंधरा दिवसांनी तो बायकोला मागं बसवून बाजाराला येत असताना उतारावर चिमटा हँडलखाली मानेशी तुटला. माणूस तोंडावर आपटला. पुढचे दात गेले, खांद्याजवळचं हाड मोडलं. बायको खरचटण्यावर सुटली.

तिसऱ्या दिवशी तीच दुकानात आली. लुगड्याच्या जुन्या तुकड्यात चिमट्याचे दोन भाग बांधून आणले होते.

"भाऊ, हा तुमीच बसवला होता ना? मंग असा तुटला काहून?"

ती भांडायला आली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. ती गेल्यावर दादानं पेटीतला एक नवा चिमटा लोखंडी शिकंज्यात आवळून धरला आणि मानेशी करवतीनं कापला. आत सांधा होता. अखंड नळीऐवजी पातळ पत्रा गुंडाळून जोडलेला. मग मी लेबलं पाहिली. प्रत्येकावर तपासणीचा वेगळा नंबर असायला हवा होता, पण सगळ्यांवर तो एकच होता.

दादा नागपूरला गेला. परत आला तो चेहरा पाडून. व्यापारी त्याला हसून म्हणाला होता, "भाईसाब, गाहक को नाम चाहिए, हम नाम देते हैं। लोहे का किसने पूछा?"

तेव्हा पत्राची कल्पना माझीच. मी म्हटलं, "आपण सरळ इंग्लंडला लिहू. त्यांच्या नावानं कोणी खोटा माल विकतं, हे त्यांना कळायला नको?"

"आपलं कोन आयकंल तिकडं?" दादा म्हणाला.

"नाव त्यांचंच बदनाम होतंय. का नाही ऐकणार?"

तीनदा खरडून चौथ्यांदा मी ते पत्र पक्कं केलं. माझ्या इंग्रजीचा मला अभिमान होता, तो सगळा त्यात ओतला. पेटी कुठून आली, किती चिमटे विकले, अपघात कसा झाला, सगळं खरं लिहिलं. एक लेबल आत घातलं. दादानं जपून सही केली.

चार महिन्यांनी जाड लिफाफा आला, पण इंग्लंडहून नाही. कंपनीच्या कलकत्त्याच्या वकिलाकडून. मी दुकानातच मोठ्यानं वाचायला लागले आणि दुसऱ्या परिच्छेदाशी थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "आपण आपल्या पत्रात कबूल केल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून त्यांनी दादावरच नकली माल विकल्याचा आरोप ठेवला होता. उरलेला माल जमा करा, दुकानावरचं चिन्ह पुसा, लेखी माफी द्या, नाहीतर खटला. मोडलेल्या हाडाबद्दल एक शब्द नव्हता.

"बाई, हे त्यायनं मलेच लेहलं का?" दादानं मला विचारलं.

"हौ," मी म्हणाले.

ओळखीच्या वकिलानं कागद वाचून कपाळाला हात लावला. माफी देऊन मोकळं व्हा म्हणाला. माफीचा मजकूरही मीच लिहिला. काही दिवसांनी कंपनीचा माणूस चिमटे न्यायला आला. पांढरा स्वच्छ शर्ट, बोलणं अगदी नम्र. त्याच्यासमोर दादानं स्वतः शिडीवर चढून चिन्हावर काळा रंग फिरवला.

खाली उतरून दादानं विचारलं, "ज्यानं बनवले त्याचं काय?"

"आधी तो सापडायला हवा ना," कंपनीचा माणूस म्हणाला.

"नागपूरच्या व्यापाऱ्याचं नाव तर आम्ही लिहून दिलंय," मी मध्येच बोलले.

तो थोडा घुटमळला. "ते आमच्या भारतात बनणाऱ्या सायकलींचे जुने विक्रेते आहेत. त्यांच्याशी वर बोलणं होईल."

ते बोलणं झालं की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. समोरच्या सायकलच्या दुकानात त्याच व्यापाऱ्याकडून तशाच पेट्या येत राहिल्या.

दादानं मग पंजाबातल्या एका छोट्या कारखान्याचा बिनशिक्क्याचा माल आणला. एक चिमटा कापून पाहिला, वाकवून पाहिला. नळी अखंड होती. पण गिऱ्हाईक अंगठा फिरवायचं आणि परत ठेवायचं. "नाव कुठं हाय याच्यावर?"

हाड जुळल्यावर तो ड्रिलवालाही आला. दादानं स्वतःहून त्याच्यापुढं नवा चिमटा ठेवला. त्यानं तो उलटासुलटा केला, "येतो भाऊ," म्हणाला आणि रस्ता ओलांडून समोर गेला. दादा हातातला पाना ठेवून त्याच्या मागं धावला. मीही गेले.

"तो घेऊ नको. तोच माल हाये, ज्यानं तुले पाडलं!"

समोरचा दुकानदार गल्ल्यावरून उठला. "माफीनामा किसने लिखा था? हमने या तुमने? नकली बेचने वाला हमको नकली बोलता है!"

रस्त्यावरचे चार लोक थांबले. ड्रिलवाला मान खाली घालून उभा होता, पण शिक्क्याचा चिमटा त्यानं हातातून सोडला नाही.

त्या दिवसापासून दादानं सुटे भाग विकणं बंद केलं. पंक्चर, स्पोक, चाकं सरळ करणं, एवढंच. मला दादाचाही राग आला.

"तू लढला काहून नाही?" मी एकदा चिडून विचारलं.

"कोनासंग लढू, बाई? इंग्लंडवाला कायद्यानं बरोबर हाये. नागपूरवाला त्यायचाच हाये. आन् गिऱ्हाइकाले तर शिक्काच पायजे."

दादा पुढच्या सायकलचं चाक फिरवून त्याची लचक बघायला लागला.