तिला नाव, मला नावं

"डेट आ गई क्या तेरी?" सरांनी भर काउंटरवर विचारलं. समोर प्रवेशासाठी आलेले पालक, त्यांची पोरं. पोरं फिस्सकन हसली. माझे डोळे आधीच वाहत होते, ते आणखी वाहायला लागले. "नौटंकी बंद कर. स्माइल दे," म्हणाले, आणि मला उभं ठेवून माझं स्टूल उचलून आत घेऊन गेले.

हिंदी मुलखातलं शहर, एम. पी. नगरातला कोचिंग क्लास. सर त्याचे मालक, मी तिथली रिसेप्शनिस्ट. बाबा पिपलानीच्या कारखान्यात फिटर. घरी मराठी, इथं दिवसभर "जी सर". पाळीच्या आधी दर महिन्याला माझी हीच गत. छाती दुखते, पोट फुगतं, डोकं ठणकतं. कुणी नुसतं हॅलो म्हटलं तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. मग रडू. पाळी आली की सगळं गायब. आई म्हणायची, "फार लाड झालेत तुझे."

आतल्या केबिनमध्ये सरांची बायको बसायची. तिचे ते दिवस जवळ आले की सर दबक्या आवाजात बजावायचे, "मैडम को डिस्टर्ब मत करना, पीएमएस है." आणि तिची गरम पाण्याची पिशवी भरायची कुणी? मी!

जळायचे मी तिच्यावर. खोटं कशाला बोलू? तिच्या एसीवर जळले, त्या पिशवीवर जळले, आणि सगळ्यात जास्त त्या तीन अक्षरांवर.

एकदा पिशवी द्यायला गेले, तर ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती. छाती, पोट, डोकं, चिडचिड. अगं बाई, हे तर माझंच! संध्याकाळी तडक सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुलाही तेच आहे, पीएमएस, म्हणजे पाळीआधीचा त्रास. मीठ-चहा कमी कर, रोज चाल, झोप मोडू नकोस. तेवढ्यानं भागलं नाही तर औषधं आहेत. आणि मी इतकी वर्षं स्वतःलाच वाईट स्वभावाची समजत होते.

तिच्या दुखण्याला नाव होतं. माझ्या दुखण्याला सगळे नुसती नावं ठेवत होते.

पुढच्या महिन्यात मी रडले, स्टूल पुन्हा आत गेलं. मी केबिनमध्ये शिरले, ते उचलून आणलं आणि बसले.

"खड़ी हो!" सर ओरडले.

"मैडम को हो तो पीएमएस, मुझे हो तो नौटंकी? बैठ के काम करूँगी, सर."

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडम दारापर्यंत आली, माझ्याकडे बघितलं, आत निघून गेली. अजून जळते मी तिच्यावर.

नोकरीवरून काढायचं तर काढू देत. जिथे जाईन तिथे पहिल्याच दिवशी हे नाव सांगेन. आणि बसून सांगेन.