व्याह्यांच्या गाडीचा हीटर

आमच्या व्याह्यांना उलट्या हातानं कळत नाही असं या पृथ्वीवर काही नाही. सुनेचे वडील म्हणून मी त्यांची बाजू घेत नाही, त्यांच्या गावात, कुंभारवाड्यात, कुणालाही विचारा. भात शिजला का ते ते झाकणाला हात लावून सांगतात. लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा चहाच्या आधी आमच्या भिंतीला हात लावून म्हणाले, "पश्चिमेचा पाऊस आत येतोय." येत होता. माझा गुडघा धरला तेव्हा मी काही त्यांच्याकडे तक्रार केली नव्हती, तरी त्यांनी विचारलं, "विहीणबाई, सकाळी सुरू करताना दुखतो, का चढाला?" मी म्हटलं, दोन्हीला. "मग वंगण न्हाई," म्हणाले आणि चहा प्यायले.

त्यांची एक जुनी जीप आहे. तिकडं बस क्वचितच, त्यामुळं अर्धा गाव त्या जीपमधून आमच्या रामनगरच्या बाजाराला येतो. गावात हीटर असलेली ती एकच गाडी, याचा व्याह्यांना मनातून फार अभिमान. आता आत चौदा माणसं कोंबल्यावर हीटर कशाला लागतो, म्हणून चार हिवाळे तो कुणी लावून बघितला नव्हता, ते सोडा. तर सून बेळगावच्या दवाखान्यात बाळंत झाली, ऐन थंडीत. मुलगी झाली, पण दिवसांच्या आधी आणि मुठीएवढी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, वाटेत गारठा लागता कामा नये. व्याह्यांनी जीपचा हीटर लावून बघितला, तर त्यातनं गरम दूध फुंकून गार करतात तसला वारा आला. माझा मुलगा सासऱ्यांना म्हणाला, "मामा, हीटर झाला तर न्या कुंभारवाड्याला. न्हाई तर बाळंतीण रामनगरलाच ऱ्हाईल." पहिलं बाळंतपण, आणि लेक माहेरी जायची नाही. व्याही जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

मेकॅनिकचा हात ते गाडीला लागू देत नाहीत. आठ दिवस त्यांनी स्वतःच तपासणी केली आणि रोज मला फोनवर हाल कळवले. हीटरला जाणाऱ्या दोन रबरी नळ्या दोन हातांत धरून डोळे मिटून बसायचे. एक गरम, एक गार असती तर हीटर तुंबलाय. दोन्ही गरम असत्या तर वारा अडलाय. पण दोन्ही कोमट. रेडिएटरमध्ये पाणी गळ्यापर्यंत होतं. एक दिवस नातवंडासाठी आणलेला थर्मामीटर त्यांनी हीटरच्या तोंडाशी धरला. "ताप न्हाई," म्हणाले. अंगणात उभी असली की जीप जरा ऊब द्यायची, रस्त्याला लागली की गारठायची. "आमच्या भावासारखी हाय," म्हणाले, "घरातच तेवढी गरम."

बाळंतिणीला आणायच्या आदल्या दिवशी सकाळी ते आमच्याकडं आले, ते दोन्ही हात खिशात घालून. हात खिशात म्हणजे हीटर काही झाला नव्हता. मी पूजा करत होते. ते देवाला नमस्कार करायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"विहीणबाई, ह्यो हितं हाय व्हय?"

आता हे सांगायलाच हवं. लग्न आमच्या दारात होतं, वैशाखातलं. नवरीला घेऊन येताना जीप चढाला तापली आणि मुहूर्त टळायला आला. व्याही मांडवात पोचले ते काळ्या हातांनी, आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हाती देऊन म्हणाले, "हे जपा." उघडून बघितलं तर छोटी पितळी घुमटी, पोटात स्प्रिंग. लेकीबरोबर माहेरचा देव आला असणार, असं मी समजले. संध्याकाळी लेकीला सोडून ते कुणाशी न बोलता गेले, त्यामुळं विचारायचं राहिलं. मी देव्हाऱ्यात बसवला. चार दसरे चिंचेनं घासलाय, हळदकुंकू वाहिलंय.

"ह्यो थर्मोस्टॅट हाय," व्याही म्हणाले.

मी विचारलं, "कुठल्या गावचा?"

"इंजिनातला. पाणी तापत न्हाई तोवर ह्यानं अडवायचं असतं. त्या दिशी गाडी तापू नये म्हणून मीच काढला, आन् इसरलो. ह्यो न्हाई म्हणून पळत्या गाडीत पाणी तापतच न्हाई. हीटरला काय मिळणार, कपाळ?"

मग त्यांनी माझ्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात तो सोडला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. हळूहळू त्यानं तोंड उघडलं. "जिवंत हाय," व्याही म्हणाले. मी सवयीनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बेळगावहून येताना जीप आमच्या दारात क्षणभर थांबली. आत एवढी ऊब, की माझा मुलगा स्वेटर काढून बसला होता. पोर झोपलेली. जीप तशीच कुंभारवाड्याला गेली.

सव्वा महिना झाल्यावर रीतीप्रमाणं त्यांनी लेकीला आणि नातीला आमच्याकडं आणून सोडलं. सकाळची वेळ, बाहेर धुकं. निघताना नातीच्या गालाला त्यांनी उलटा हात लावला आणि बराच वेळ ठेवला. मग गाडीत बसले आणि सगळ्यात आधी हीटर बंद केला.

मी म्हटलं, "असू दे की, गारठा आहे."

"एकट्याला कशाला, विहीणबाई."

या खेपेला काही विसरलं नाही ना, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. मी नातीला पदराखाली घेतलं.