राखलेला दोडका

ट्रॅक्टरवाल्या रावसाहेबाची ट्रॉली फाटकाशी उभी आहे, जेवायला गेलेली माणसं अजून परतलेली नाहीत, आणि विजयमालाबाईंचे डोळे मिटायला लागले आहेत. ते मिटू नयेत असं त्यांना वाटतं. भर दुपारी व्हरांड्यात घोरत पडलेली बाई बघून कॉलनी काय म्हणेल, हीही एक काळजी आहेच. पण सकाळपासून घराची उपसाउपशी चालली आहे आणि बूड टेकायला ही एकच वस्तू उरली आहे, कापडी आरामखुर्ची. ती अण्णांची. पुढच्या खेपेला तीही ट्रॉलीत जायची आहे.

अण्णा म्हणजे त्यांचे यजमान, भूपाल मगदूम. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म काढलेला माणूस. कॉलनीला अण्णा आणि घरात 'अहो'. दिवाळीच्या तोंडावर दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. आता संक्रांत होऊन गेली आहे. मुलगा सन्मती आईला पुण्याला नेणार आहे, सांगलीचं घर भाड्यानं जाणार आहे, आणि ते रिकामं करायला दिवसाच्या बोलीवर ही ट्रॅक्टरची ट्रॉली सांगितली आहे.

ट्रॉलीच्या तळाशी घरातलं सामान आहे. मोडका पाळणा, गंजके डबे, रबरी नळीचे तुकडे, आणि अण्णांनी गाठी मारून ठेवलेली सुतळीची भेंडोळी. ती गाठ जगात कुणाला सुटत नसे. प्रत्येक पुडक्याला बाईंना कात्री घ्यावी लागे, आणि कात्री घेतली की अण्णा म्हणत, सुतळी कापू नको, लागेल कधीतरी. या सगळ्या 'लागेल कधीतरी'वर आता बागेचा कचरा रचला आहे. वाळक्या फांद्या, फुटक्या कुंड्या, आणि सगळ्यात वर कुंपणावरचा दोडक्याचा वेल.

तो वेल बाईंनी स्वतः ओढून काढला. रागानंच काढला, खरं सांगायचं तर. दवाखान्यात जायच्या दिवशी रिक्षा दारात थांबलेली असताना अण्णा या वेलाकडे वळले होते. दोघांनी धरून न्यावं लागत होतं, तरी वेलात हात घालून काहीतरी करत बसले. मग रिक्षापाशी येऊन म्हणाले, "माला, एक सांगायचं होतं." आणि बाई म्हणाल्या, "आल्यावर सांगा." पुढे अण्णांच्या तोंडात नळी आली ती शेवटपर्यंत राहिली. काय सांगायचं होतं? सन्मतीबद्दल काही? मनात राहिलेला एखादा सल? की या वयात सांगायला लाजावं असं काही गोड? तेव्हापासून बाई याच एका गोष्टीपाशी अडून बसल्या आहेत. बारसं असो की बारावं, जिथं जातील तिथं तेच डोक्यात.

पापणीला पापणी टेकते न टेकते तोच ट्रॉलीत खुडबुड होते. कुत्रं शिरलं असेल म्हणून बाई बघतात, तर पाचोळ्यात कमरेपर्यंत बुडालेले अण्णा. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. एकेक वस्तू उचलतात, फुंकर मारतात, बाजूला ठेवतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. माणूस दिसल्याचा आनंद व्हायला हवा, पण बाईंना आधी येतो तो वैताग. सकाळपासून भरलेली ट्रॉली हा माणूस रिकामी करतो आहे.

"अहो, ठेवा ते. टाकायचं आहे सगळं."

"टाक की," अण्णा म्हणतात. "मी कुठं नको म्हणतोय? मी एकच शोधालोय."

बाई चाकावर पाय न ठेवताच वर पोचलेल्या आहेत. गुडघे दुखत नाहीत, त्याचं त्यांना नवलही वाटत नाही. ट्रॉली चालायला लागते. पुढे ट्रॅक्टर नाही. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची फाटकं असायला हवीत, तिथं तुरे आलेला ऊस उभा आहे. लग्नानंतर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये अशाच ट्रॉलीतून सामान गेलं होतं आणि सामानाच्या वर बसून दोघंही. तेव्हाचाच हा वारा आहे. बाई डोक्यावरचा पदर दातात धरतात.

उसाचं पान बाजूला सारलं की क्वार्टरचं स्वयंपाकघर आहे. स्टोव्हवर दूध काठापर्यंत आलं आहे आणि तिथंच थांबलं आहे, उतू जात नाही. अण्णांच्या मिशा काळ्या आहेत. ते पुण्याच्या घराची चौकशी करतात. गॅलरी कुठल्या तोंडाची आहे, ऊन किती येतं, सूनबाई कुंड्या ठेवू देईल का. बाई सांगतात की ऊन येतं, सूनही चांगली आहे, पण मला तिथं करायला काही नाही. हे त्यांनी सन्मतीला कधी सांगितलेलं नाही. अण्णा ऐकून घेतात आणि ओट्याखाली वाकून पुन्हा शोधायला लागतात. वर येतात तेव्हा मिशा पांढऱ्या झालेल्या असतात.

ओट्याचा दवाखान्यातला बाक झाला आहे. तीच हिरवट भिंत, तोच फिनेलचा वास. फक्त भिंतीवरून दोडक्याचा वेल चढला आहे आणि त्याला पिवळी फुलं आली आहेत. नर्स खाली वाकून वेलाखालून जाते, जणू रोजचंच आहे. बाई अण्णांच्या तोंडाकडे बघतात. नळी नाही. एवढं दिसलं आणि त्या घाईनं पुढे सरकतात, कारण आता नाही विचारलं तर पुन्हा राहून जाईल.

"त्या दिवशी काय सांगायचं होतं तुम्हाला?"

"कुठल्या दिवशी?"

"रिक्षा थांबली होती तेव्हा."

"हां, ते होय," अण्णा म्हणतात. "एक दोडका राखलाय बियाणाला, तेवढा काढू नको, असं सांगणार होतो."

बाई वाट बघतात.

"एवढंच?"

"एवढंच की. अजून काय पाहिजे?"

बाईंना हसू फुटतं. या माणसानं आयुष्यभर असंच केलं. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसालाही भोपळ्याचं आळं करून दिलं होतं. वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ बियाणाला ठेवायचं, ओळखू यावं म्हणून त्याला चिंधी बांधायची, आणि मग घरात भाजीला दुसरं काही नसलं तरी त्याला कुणी हात लावायचा नाही, हा अण्णांचा आणि त्यांच्या वाडवडिलांचा नेम. दरवर्षीचा. त्या दिवशी मरणाच्या वाटेवर ते चिंधी बांधत होते, आणि बाईंनी आज तोच वेल उपटून कचऱ्यात घातला.

बाई तसं सांगून टाकतात. अण्णा रागवत नाहीत. म्हणतात, म्हणून तर आलोय शोधायला.

बाकाची पुन्हा ट्रॉली झाली आहे. ऊस संपला आहे आणि पुढे नुसतं माळरान आहे, जिथं कचरा टाकतात तसं. अण्णा उतरायच्या बेतात आहेत. बाईंना ते कळतं.

"मलाही न्या," त्या म्हणतात. "सगळं सामान चाललंय, मी एकटीच कशाला मागं? मीपण त्यातलीच."

अण्णा वळून बघतात. त्यांच्या बोटात हिरवी चिंधी आहे, कुठून आली कोण जाणे. बाईंचा डावा हात ते आपल्या गुडघ्यावर घेतात. हात गार नाही, हे बाईंच्या लक्षात येतं, आणि त्यांना वाटतं, ही ट्रॉली अशीच चालत राहावी, कधी पोचूच नये.

"माझ्या इरकलीचा काठ हा. कधी फाडलात?"

"जुनी झालेली ती. लागेल म्हणून ठेवला होता." ते गाठ मारतात, एकावर एक, खालचा ओठ दातात धरून. "लागला का नाही?"

"मला न्या म्हणतेय मी."

"राखलेल्याला हात लावायचा नसतो, माला. मीपण लावायचा नाही." मग पंचा झटकत ते खाली उतरतात. "आणि अक्षय तृतीयेला आळं कोण करणार मग? माती भुसभुशीत घे. पुण्याची चिकट असते."

"काकू," कुणीतरी हाक मारतं. "खुर्ची ट्रॉलीत घालू का?"

रावसाहेब जेवून आला आहे, दात कोरत पायरीशी उभा आहे. ऊन व्हरांड्यात आत आलं आहे. बाई उठायला म्हणून हातावर जोर देतात आणि तशाच थांबतात. डाव्या मनगटाला हिरव्या इरकलीची चिंधी आहे. उन्हापावसानं विटलेली, एका बाजूला वेलाचा तंतू गुंतलेला, आणि वर ती गाठ.

त्या उठतात. ट्रॉलीपाशी जातात, चाकावर पाय ठेवतात. आता गुडघे चांगलेच दुखतात. रावसाहेब मागून विचारतो की काय राहिलं का आत, आणि मी काढून देतो की, तुम्ही कशाला चढता. बाई वेलाची गुंतावळ दोन्ही हातांनी उलगडत जातात. पानं चुरा होऊन पडतात. तळाशी दोडका आहे, वाळून तपकिरी झालेला, हलवला की आत बिया खुळखुळतात. देठ मोकळं आहे. कधीतरी तिथं काही बांधलेलं होतं, एवढी एक फिकट कड तेवढी देठाभोवती दिसते.

"खुर्ची राहू दे रे," विजयमालाबाई म्हणतात. "पुण्याला न्यायची आहे."

दोडका पदरात घेऊन त्या पायरीवर बसतात आणि सवयीनं गाठीला नख लावून बघतात. सुटत नाही. कात्री सकाळीच ट्रॉलीत गेली आहे, आणि ती शोधायची त्यांना काही घाई नाही.