मशीनला दाखवायची भांडी

माझी नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिने एक मशीन केलं. मशीन म्हणजे काय, तर लॅपटॉपला जोडलेला कॅमेरा. त्याच्यापुढे धातूची वस्तू धरली की तिचा फोटो बघून तो बोलायचा: तांबं, पितळ, कासं, स्टील. जालन्यात सळईचे कारखाने पुष्कळ. माझा मुलगा त्यातल्याच एकात भंगार उतरवून घेतो. लोखंडाबरोबर भट्टीत तांबं गेलं की सळईला चिरा पडतात, म्हणून भंगार निवडायला हे मशीन. कल्पना चांगली होती. त्यासाठी माझ्या फळीवरची भांडी कशाला लागतात, ते मात्र मला कळत नव्हतं.

महिनाभर ती त्यांचेच फोटो काढत होती. काळा पडलेला तांब्या, डागाळलेली परात, पितळेचा जुना डबा. शेवटी परीक्षा आली. बाहेरगावचे साहेब येऊन मशीन बघणार. त्यांना पटलं तर पोरगी पास, नाहीतर वर्ष वाया. तिने भांडी पोत्यात भरली आणि फाइल बांधून आणायला नवीन जालन्यात गेली.

मी पोतं उघडून पाहिलं. असली भांडी चार लोकांपुढे न्यायची? लग्नाला कोणाची परात मागून आणली तरी आम्ही घासून परत देतो. मी चिंच, मीठ आणि राख घेऊन बसले.

सून म्हणाली, "आत्याबाई, तिला विचारा तरी."

"भांडी घासायला काय विचारायचं?"

लखलखीत झाल्यावर पोतं होतं तसं बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पोतं धरायला म्हणून ऑटोत मीही बसले.

कॉलेजात तांब्या बाहेर निघाला तसं नातीचं तोंड उतरलं. कॅमेरा म्हणाला, "स्टील." परात धरली. "स्टील." डबाही स्टील. भांड्यात वरची ट्यूबलाइट दिसत होती आणि कॅमेरा तिलाच बघत होता, असं तिने नंतर सांगितलं.

"बघू, काय चुकतंय," म्हणत साहेब कॅमेऱ्यापुढे वाकले. डोक्यावर केस नाहीत, टक्कल उन्हाने रापलेलं आणि तेल लावलेलं. कॅमेरा लगेच बोलला, "तांबं."

मागच्या पोरांना एकदम खोकला झाला.

नात माझ्याकडे वळली. "आजी, तू घासलीस?"

"मंग काय तशीच आणायची व्हती?"

मी मागच्या खुर्चीत तळवे चोळत बसले होते. माझे पाय जळतात, म्हणून काशाची वाटी आणि तेलाची बाटली पिशवीत असतेच. चोळून चोळून वाटी काळीकुट्ट झालेली. ती कोणाला दाखवायची नसते, म्हणून मी घासत नाही. नातीने ती माझ्या हातातून ओढली आणि कॅमेऱ्यापुढे धरली.

"कासं."

साहेबांनी वाटी उचलली, उलटीपालटी केली, बोटांचा वास घेतला. "ही कुठं वापरता, आजी?"

"तळपायाला."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि रुमाल काढला.

तेवढ्यात नातीने बोलून घेतलं. "सर, कारखान्यात भंगार मळकंच येतं. मशीन तसलंच बघून शिकलंय. भट्टीत टाकायच्या आधी भंगार कोण घासतं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आजी घासत असतील."

"पाव्हणे येणार असले तर," मी म्हणाले.

ते हसले आणि पोरगी पास झाली. पण जाताना अट घातली, मशीनला चकचकीत भांडीही शिकवायची.

तेव्हापासून आमच्या फळीचे दोन भाग आहेत. डावीकडची भांडी सुनेने घासायची, उजवीकडच्यांना हात लावायचा नाही. नात आता पुण्याला नोकरी करते आणि मशीन कपाटात पडलं आहे. डावीकडे मात्र एकच तांब्या उरला आहे. बाकी सगळं हळूहळू उजवीकडे सरकलं. परवा सुनेला विचारलं, तर म्हणते, "परीक्षेची भांडी हायेत, आत्याबाई."